हिमपिंडांच्या तारकापिधानाचे भाकीत

नेपच्यूनपलीकडील एखादा हिमपिंड ताऱ्यासमोरून जाताना त्याचा प्रकाश काही सेकंद अडवतो, त्यास पिधान म्हणतात. ते केव्हा घडेल आणि पृथ्वीवरील कोणत्या पट्ट्यातून दिसेल, हे आगाऊ गणिताने ठरवणे म्हणजे पिधानाचे भाकीत. ताऱ्याचे किरण जवळजवळ समांतर येत असल्याने सावली पिंडाएवढीच रुंद पडते आणि बहुधा सेकंदाला २०-२५ किमी वेगाने सरकते.

सारी अडचण कोनाच्या अचूकतेची आहे. ४० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाच्या, एक सहस्रांशाची चूक जमिनीवर सुमारे २९ किमी भरते, म्हणजे कोल्हापूर-पन्हाळा अंतराहून अधिक. चूक एक दशांश विकलेची असेल, तर कोल्हापूरसाठी वर्तवलेली सावली देशाबाहेरूनही निघून जाऊ शकते. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने अब्जाहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली, तेव्हापासून ताऱ्यांच्या बाजूची चूक बरीच आटोक्यात आली. उरते ती मुख्यतः पिंडाच्या कक्षेची. प्लूटो आणि त्याचा उपग्रह सोडल्यास असा पहिला पिंड १९९२ मध्ये सापडला. सूर्याभोवतीची एक फेरी अडीचशे-तीनशे वर्षांची असल्याने बहुतेकांच्या कक्षेचा लहानसा तुकडाच प्रत्यक्ष पाहिला गेला आहे. म्हणून पिधानाच्या काही दिवस आधी पिंडाचे स्थान मोठ्या दुर्बिणीने पुन्हा मोजून पट्टा सुधारून घेतात. तारा जोडतारा निघाला, तर हे गणितही फसते.

सुमारे ३५ किमी लांबीच्या अ‍ॅरोकोथ या हिमपिंडासाठी जून २०१७ मधील मोहीम हुकली. १७ जुलैला अर्जेंटिनात स्थानिकांनी रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग थोपवला आणि वारा अडवायला ट्रक उभे केले. तेव्हा पाच दुर्बिणींना तारा क्षणभर झाकलेला दिसला. त्याच वर्षी २१ जानेवारीच्या पिधानातून हाउमेआ या नेपच्यूनपलीकडील बटुग्रहाभोवतीचे कडे उघड झाले होते.

कोल्हापूर परिसरात जून ते सप्टेंबर ढगांमुळे असे निरीक्षण जवळपास अशक्यच असते. पुढे ऊसतोडीच्या हंगामात पेटवलेल्या पाचटाचा धूर क्षितिजालगतचे तारे मंद करतो. पट्टा पूर्व-पश्चिम असेल, तर सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव येथील निरीक्षकांना पिंडाच्या तीन वेगळ्या जीवा (पिंडाला आरपार छेदणाऱ्या रेषा) मिळू शकतात, कारण या गावांत दक्षिणोत्तर सुमारे शंभर-शंभर किमी अंतर आहे. मात्र प्रत्येकाची वेळ जीपीएसशी जुळलेली हवी, कारण एका सेकंदाच्या चुकीने जीवेचे टोक वीस-पंचवीस किमी सरकते. ज्याच्याकडे तारा मुळीच झाकला गेला नाही, त्याची नोंदही टाकून देत नाहीत. पिंडाची कड कोठे संपते, हे तिच्यावरूनच ठरते.