खालून पिवळं की वरून?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या काकू कढीपत्त्याची एक डहाळी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "बघ रे, तुमची द्राक्षबाग आहे म्हणून तुला विचारते. एवढं खाऊपिऊ घालते मी ह्याला, तरी कावीळ झाल्यासारखं दिसतंय."

खाऊपिऊ म्हणजे काय, ते विचारल्यावर यादी निघाली. कुंडी भरताना लाल मातीत गावाकडची थोडी काळी माती, शेणखत, गांडूळखत, कोकोपीटची अर्धी वीट, नीमपेंड आणि दोन मुठी बोनमील. नंतर दर महिन्याला अंड्याची कुटलेली टरफलं. कोणीतरी सांगितलं म्हणून मुळाशी पाच-सहा गंजके खिळे. पानं पिवळी पडायला लागल्यावर आठवड्यातून एकदा ताक. आणि रोज अर्धा लिटर पाणी, तेही वाया जाऊ नये म्हणून आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं. कुंडी सरकत्या काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. नाशिकच्या निम्म्या फ्लॅटमध्ये हेच चित्र असतं, आमच्याही घरी फार वेगळं नाही.

या यादीत कमी काय आहे ते शोधत बसलो असतो तर हाताला काही लागलं नसतं. मी डहाळी उजेडात धरली. खालची जुनी पानं गर्द हिरवी होती, शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी. पिवळी म्हणजे सरसकट नव्हे. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबाच्या सालीसारखा फिका, जणू कोणी हिरव्या दोऱ्याने जाळी विणून पिवळ्या कापडावर ठेवली आहे. सगळ्यात वरची दोन पानं तर जवळजवळ पांढरी पडली होती.

पानाच्या रंगावरून निदान करायचं तर पिवळेपणा किती आहे हे नंतर बघायचं. तो कुठून सुरू झाला, खालून की वरून, हे आधी. झाडाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी काही फिरती असतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही त्यातली मुख्य. मुळांकडून पुरवठा आटला की झाड जुन्या पानांतला साठा मोडतं आणि शेंड्याकडे पाठवतं. घरात चणचण असली की मोठी माणसं आपल्या ताटातलं लहानांना वाढतात, तसंच. त्यामुळे या चौघांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा ज्या पानात जाऊन बसले तिथेच राहतात. नवीन पानाला नवीन लोहच लागतं, आणि ते आलं नाही तर जुनं पान हिरवंगार असूनही कोवळं पान उपाशी राहतं. जस्त आणि मँगनीज हे या दोन गटांच्या मधले, पण बहुतेक वेळा त्यांचीही तक्रार वरूनच सुरू होते.

द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या सुमाराच्या छाटणीनंतर, साधारण ४५ दिवसांनी देठ परीक्षणासाठी (वेलीत कोणतं अन्नद्रव्य किती आहे ते पानाच्या देठावरून तपासायला) नमुना काढतात, तेव्हा काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचेच देठ घ्यायचे असा दंडक असतो. कोणी सहज हाताला येईल ते पान तोडून नेलं तर अहवालाला अर्थ उरत नाही, कारण एकाच काडीवरच्या वरच्या आणि खालच्या पानांचा हिशेब वेगवेगळा असतो.

तर काकूंच्या झाडाला लोह मिळत नव्हतं. इथे एक गंमत सांगितली पाहिजे. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच. त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे चार. हा रेणू घडवण्याच्या कामात लोह लागतं, आणि हरितद्रव्य ज्या यंत्रणेत बसवलेलं असतं तिच्यातही. म्हणजे भिंतीत गवंडी दिसत नाही, पण तो आला नाही तर भिंत उभी राहत नाही. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात युसेब ग्रिस याने पिवळ्या पडलेल्या द्राक्षवेलींवर लोहक्षाराचं पातळ द्रावण वापरून पाहिलं आणि पानं हिरवी झाली. लोह झाडाला लागतं हे त्यातून ठसठशीतपणे दिसलं.

"पण मी खिळे पुरलेत की," काकू म्हणाल्या.

खिळ्यांची गरजच नव्हती. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झालेली. तिच्यात लोह वजनाच्या काही टक्के असतं. ५ टक्के धरलं तर किलोभर मातीत ५० ग्रॅम, म्हणजे ५०,००० मिलिग्रॅम. माती परीक्षणात झाडाला उपलब्ध होण्याजोगं लोह म्हणून जे मोजतात, त्याची पुरेशी पातळी किलोला साधारण ४.५ मिलिग्रॅम मानली जाते. कोठारात ५०,००० आणि गरज साडेचारची, तरी उपासमार! कारण हे सगळं लोह गंजाच्या रूपात आहे आणि गंज पाण्यात विरघळत नाही. खिळा पुरणं म्हणजे त्या कोठारात आणखी एक कुलूपबंद पेटी नेऊन ठेवणं.

कुलपाची किल्ली म्हणजे सामू, ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात. सातच्या खाली माती आंबट, वर गेली की खारट-चुनखडीकडे झुकलेली. सामू १ ने वाढला की मोकळ्या फेरिक लोहाची (गंजात असतं त्या रूपातल्या लोहाची) विद्राव्यता हजार पटीने घटते. चुनखडीच्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास असतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्याला साडेसहाच्या जवळपास बरं वाटतं. त्याची मुळं आम्ल सोडून आजूबाजूची माती थोडी आंबट करतात आणि लोह सोडवून घेतात, पण मातीत चुना असेल तर सोडलेलं आम्ल तो तिथल्या तिथे पिऊन टाकतो. काकू वर दर महिन्याला अंड्याची टरफलं घालत होत्या. टरफलं म्हणजे निव्वळ चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. बोनमीलमधला स्फुरदही जास्त झाला की लोह आणि जस्त दोघांची वाट अडवतो.

मातीत चुना आहे का, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकायचं. काकूंच्या बशीत पेल्यात ईनो टाकल्यासारखं फसफसलं. त्या जरा दचकल्याच.

ताकाची कल्पना मुळात वाईट नव्हती, ताकात लॅक्टिक आम्ल असतं. पण हिशेब करून बघा. कुंडीत १० किलो माती आणि तिच्यात समजा १ टक्का चुना, म्हणजे १०० ग्रॅम. चांगलं आंबट, दाट ताक घेतलं आणि त्यात ०.८ टक्के आम्ल धरलं तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात दीड ग्रॅमच्या आसपास आम्ल येतं. ते जेमतेम पाऊण-एक ग्रॅम चुना विरघळवतं. सगळा चुना संपवायला शंभरावर पेले लागतील, आणि गॅलरीत जो वास सुटेल तो वेगळा. लाल मातीत, चुना नसलेल्या कुंडीत ताकाचा गुण येत असेल. आजीच्या कोकणातल्या अंगणात आला असेल, नाशिकच्या कुंडीत येईलच असं नाही.

खरा गुन्हेगार माझ्या मते पाणी होतं. आरओचं मशीन दर ३ लिटर पाण्यातून १ लिटर पिण्यासाठी काढत असेल, तर त्या तिन्ही लिटरातले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या २ लिटरात येतात. तीव्रता दीडपट. मूळ पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील (बोअरवेलच्या सोसायट्यांत सहज असतात) तर मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ४५०. रोज अर्धा लिटर म्हणजे महिन्याला १५ लिटर पाणी, त्यातून पावणेसात ग्रॅम क्षार. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. वर्षाकाठी ८० ग्रॅमच्या पुढे जातात. त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं, ते सामू चढाच ठेवतं. कुंडीच्या काठावर बोटभर रुंदीचा पांढरा थर होता, काकू तो भाद्रपदापासून पुसत होत्या.

आणि रोज पाणी. द्राक्षवाले ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे अशी अवस्था, ती त्या कुंडीत कधी येतच नव्हती. हवेतून ऑक्सिजन जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजाराव्या भागाइतक्या वेगाने तो पाण्यातून पसरतो. मुळं गुदमरली की अन्न ओढणार कशी? शिवाय चुनखडीच्या ओल्या मातीत मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड अडकतो आणि बायकार्बोनेट आणखी वाढतं. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रानात ऊस पिवळा पडतो तोही बऱ्याचदा ह्याच साखळीने. त्याला शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. द्राक्षात मात्र केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, बुरशीसारखा रोग. एकाच शब्दाचे हे दोन आजार असल्यामुळे दुकानदाराला फोनवर नुसतं 'केवडा' सांगून औषध मागवणाऱ्याचं काय होतं, ते मी घरात पाहिलं आहे.

सगळ्याच पिवळ्या पानांना लोह लावायला निघू नका. खालची पानं सरसकट फिकी होऊन गळत असतील तर आधी नत्राकडे बघावं, विशेषतः कुंडीत लाकडाचा भुसा किंवा न कुजलेला पालापाचोळा भरला असेल तर. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) चारशेच्या आसपास भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचविसाला एक असं प्रमाण लागतं, म्हणून ते आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि झाड बघत बसतं. खालच्याच पानांत शिरांमधला भाग पिवळा आणि देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक असेल तर मॅग्नेशियम. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पालाश आणि सोडियम भरपूर असतं, आणि पालाश वरचढ झालं की मॅग्नेशियम मागे पडतं. पानांवर बारीक रवाळ ठिपके असतील तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. पडलेले कण चालायला लागले तर तो लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. बंद गॅलरीतल्या कोरड्या गरम हवेत त्याचं चांगलं फावतं.

थंडीतली एक फसगत सांगतो. निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरतो तेव्हा शहरातही पहाटे गारठा असतो, आणि उघड्या खिडकीशी ठेवलेल्या टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी होतात. पुस्तकात ते स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण आहे. पण मातीत स्फुरद असतो, गार पडलेली मुळं तो उचलत नाहीत, एवढंच. बोनमील घालण्यापेक्षा कुंडी आत घ्यावी.

काकूंना मी एकदम काही घालू दिलं नाही. आधी खात्री. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खडे. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि साबणाचा एक थेंब, कारण कढीपत्त्याचं पान मेणचट, त्यावर पाणी ठरत नाही. द्रावण ताजंच वापरायचं. तासाभराने बाटलीचा तळ तांबूस दिसायला लागला, म्हणजे विरघळलेलं लोह परत गंजाकडे निघालं होतं. एका पिवळ्या पानाच्या डाव्या बाजूच्या पर्णिकांना (एकाच देठावरच्या छोट्या पानांना) कापसाच्या बोळ्याने, संध्याकाळी, द्रावण लावलं. उजव्या बाजूच्या तशाच ठेवल्या आणि देठाला लाल दोरा बांधला.

तोपर्यंत कुंडी मोरीत नेऊन नळाच्या पाण्याने धुतली. १० लिटरच्या कुंडीला २५ लिटर पाणी, सावकाश, खालून निघणारं पाणी पिवळट-चहाच्या रंगाचं ते जवळजवळ स्वच्छ होईपर्यंत. टरफलं, बोनमील, ताक बंद. मशीनचं पाणी फरशी पुसायला. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून कोरडं लागलं तरच पाणी. कायमचा इलाज म्हणून द्राक्षवाल्यांच्या कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं, आणि तेही ईडीडीएचए प्रकारचं. त्याची लालसर-काळी पूड असते. स्वस्त ईडीटीए प्रकार साडेसहाच्या वर गेलेल्या सामूत लोहाचा हात सोडतो, मग पैसे आणि लोह दोन्ही मातीत.

नवव्या दिवशी काकूंनी हाक मारली. डाव्या पर्णिकांवर हिरवे ठिपके उमटले होते. पान एकसारखं हिरवं झालं नव्हतं, द्रावण जिथे टेकलं तिथेच गोवर उठावा तसे डाग होते आणि मधल्या मोकळ्या जागा पिवळ्याच. लोह आत शिरलं तिथेच थांबलं, शेजारच्या पेशीलाही त्याने फारसं दिलं नाही. उजव्या बाजूला काहीच बदल नव्हता.

"म्हणजे आता सगळ्या झाडाला बोळा फिरवू?"

"नको काकू, मुळाशी घातलंय ना, नवीन पालवी बघायची. जुनी पांढरी पानं काही सुधारायची नाहीत."

त्यांनी मान हलवली, चष्मा वर सरकवला आणि खालच्या फांदीवरची चार गर्द हिरवी पानं तोडली. लाल दोऱ्याची फांदी सोडून. आत कढईत मोहरी तडतडत होती.