उदास की उदासीन?

घोटाळा शब्दांपासूनच सुरू होतो. उदास म्हणजे मन खचलेला. उदासीन म्हणजे उद् अधिक आसीन, बाजूला जाऊन बसलेला. डोक्याला मार लागून घरी परतलेला माणूस यांतला कुठला, हे बाहेरून ओळखणं कठीण, कारण दोघंही दिवसभर खुर्चीत बसून असतात.

माझा आतेभाऊ गोव्यातल्या साखळीचा. रात्री स्कूटर घसरली तेव्हा हेल्मेट डिकीत होतं. बांबोळीच्या इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर पंधरापैकी पंधरा. आम्हाला वाटलं, सुटलो. ही मोजणी 1974 सालची. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, एवढंच ती बघते. माणूस आपणहून काही करायला उठतो का, हा रकाना तिच्यात नाही.

चवथीला घोळ लक्षात आला. दरवर्षी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात त्या मांडवीसाठी, रानात जाऊन कांगल्या, आंबाडे आणणारा हा माणूस यंदा माटोळी बांधताना नुसता बघत बसला. आते म्हणाली, "मनाला लावून घेतलंय त्यानं." शेजाऱ्यांच्या मते आळशी झाला. वहिनीनं आंबाड्यांचा घोस आणि दोरी त्याच्या हातात दिली, "हे बांधा." त्यानं बांधलं, गाठही नेहमीसारखी पक्की. मग हात तिथेच थांबले. "आता सुपारी." सुपारीही बांधली.

खचलेला माणूस असा वागत नाही. त्याला रडू येतं, झोप उडते किंवा फार येते, जेवण जात नाही, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. नातवाच्या पास होण्याचंही त्याला सुख वाटत नाही, आणि वाटत नाही याचंच दुःख होतं. उदासीन माणसाला विचारा, वाईट वाटतं का? तो म्हणतो, "नाही, ठीक आहे." खोटं बोलत नसतो तो. विनोदावर हसतो, मासे आवडीनं खातो. फक्त पुढचं पाऊल त्याच्या मनात उमटत नाही. त्रास त्याच्यापेक्षा घरच्यांना जास्त होतो, आणि घरचे "ह्याला आमची पर्वाच नाही" असा अर्थ काढून मोकळे होतात.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी 1990 च्या सुमारास या अवस्थेला नैराश्यापासून वेगळं काढून मांडलं. कारण शरीरातच आहे. कवटीच्या तळाला, कपाळामागे, हाडांचे खडबडीत कंगोरे असतात. डोकं जोरात हिसकलं की मेंदूचा पुढचा भाग त्यांच्यावर घासतो, मार मागून बसला तरीही. काम सुरू करण्याची ऊर्मी याच भागातून आणि त्याला खोल भागांशी जोडणाऱ्या तंतूंतून येते. हे तंतू ताणून तुटले तर सीटी स्कॅन स्वच्छही दिसू शकतो, आणि मग "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे हा नाटक करतो" असं म्हणायला लोक मोकळे.

फरक का करायचा? उपाय वेगळे म्हणून. नैराश्यावर औषधं आणि बोलणं या दोन्हींचा उपयोग होतो. पण त्याच गोळ्यांपैकी काहींनी उदासीनता कधी कधी वाढते. (म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फरक सांगायचा.) उदासीनतेत बाहेरून ढकलणारं काहीतरी लागतं: ठरलेली वेळ, मोबाइलचा गजर, एका वेळी एकच सूचना. "जरा मनावर घे" हे वाक्य पूर्ण वाया जातं, कारण मनावर घेणारा भागच जखमी असतो.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हेही खरं. शिवाय थायरॉइड, झटक्यांच्या गोळ्या, वयस्कर माणसात काही आठवड्यांनी कवटीखाली साठलेलं रक्त, यांनीही माणूस मंद होतो. ते तपासून घ्यावंच. आणि जगण्याचा कंटाळा आल्याचं कुणी बोललं, तर उदास की उदासीन हा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही फोन लागतो.

बांबोळीत गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजही आहे आणि मनोविकारांचं सरकारी इस्पितळही. आम्ही कितीतरी दिवस कुठल्या दारात जायचं यावर घरात भांडलो. शेवटी दोन्हीकडे गेलो.

वहिनीला मात्र सगळं समजूनही एक गोष्ट सहन होत नाही. काम करत नाहीत ते राहू दे, म्हणते, पण आधी घरात शिरताच "जेवलीस?" विचारायचे, ते आता विचारत नाहीत.

आता संध्याकाळी सातला त्याच्या मोबाइलवर गजर होतो, त्यावर लिहिलंय ‘पखवाज’. तो उठतो, पखवाज काढतो, वाजवायला बसतो. ठेका चुकत नाही. फक्त थांबायचंही त्याला सांगावं लागतं, म्हणून साडेसातचा दुसरा गजर लावलाय.