उन्हाळ्यात कॉर्गीचे केस भादरू नका

मे महिना आला की नागपुरात कॉर्गी जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘मशीन मारून टाका, बिचाऱ्याला गार वाटेल.’ हा समज चुकीचा आहे आणि पिल्लाला त्रासदायकही.

कॉर्गीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस ऊन थेट कातडीला लागू देत नाहीत, खालची लव मऊ आणि दाट. भादरलं की कातडी उघडी पडते, भाजते. केस परत येतात तेही कधीकधी विरळ, ठिगळाठिगळांनी. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग निववतो.

खरा उपाय विंचरण्याचा. केस गळायच्या दिवसांत रोज, मांड्यांच्या मागे आणि मानेखाली, लांब दातांची फणी हलक्या हाताने लवीपर्यंत न्या. पुंजकेच्या पुंजके निघतात. पिल्लाला आतापासूनच सवय लावा, दोन-तीन मिनिटं, सोबत खाऊ.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, फुटाळा तलावावर फिरायला न्यायचं तर पहाटेच. कॉर्गीचे पाय आखूड, पोट तापल्या रस्त्याच्या अगदी जवळ. डांबरावर हाताची मागची बाजू ५-७ सेकंद टेकवा. चटका बसला तर घरी परत. दुपारी कूलरसमोरची फरशी आणि भरलेलं पाण्याचं भांडं. धाप थांबेना, झोकांड्या जायला लागल्या, तर अंगावर साधं पाणी ओता आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.