ऑक्सिजन ९७ आहे, मग काळजी कसली?

"बरगडीच मोडलीय ना? आणि ऑक्सिजन तर ९७ दाखवतोय!" छातीला मार लागलेल्या माणसाच्या खाटेशेजारी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोटाला लावलेला तो चिमटा (पल्स ऑक्सिमीटर) रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजननं भरलंय ते दाखवतो. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो.

मार किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर जखमांना गुण देतात, आणि ही पद्धत जुनी आहे. सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेला 'इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर' आजही वापरतात. त्यात शरीराचे सहा भाग धरतात आणि प्रत्येक भागातली सर्वांत गंभीर जखमच मोजतात. म्हणजे बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला मुका मार बसला आणि वर छातीत रक्त साठलं, तरी हिशेबात एकच जखम! म्हणून २००० साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी खास छातीसाठी स्कोअर काढला. वय, बरगड्या, फुफ्फुसाचा मार, फुफ्फुसावरणातली हवा किंवा रक्त, आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर अशा पाच गोष्टी, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ गुण, एकूण २५. गुण जितके जास्त, तितकी दुखापत गंभीर.

यातलं गुणोत्तर मला फार आवडतं. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण. साध्या हवेवर (२१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ०.२१) दाब ९० मिमी पारा असेल तर उत्तर येतं सुमारे ४३०, म्हणजे ठणठणीत. मास्कमधून ५० टक्के ऑक्सिजन देऊनही दाब ९० च असेल, तर उत्तर १८०. चिमटा दोन्ही वेळा ९७ च्या आसपासच दाखवणार, कारण हिमोग्लोबिन एकदा जवळपास भरलं की दाब कितीही वाढो, टक्केवारी फारशी हलत नाही. निरोगी फुफ्फुसात ५० टक्क्यांवर दाब ३०० च्या घरात गेला असता. मग उरलेला गेला कुठे? मार लागलेल्या भागातले वायुकोश (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे) रक्तानं आणि पाण्यानं भरलेत. तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. मास्कचा ऑक्सिजन वाढवला तरी या रक्ताला तो भेटतच नाही.

आता एका रुग्णाची बेरीज, कंसात गुण. वय ६० (३), एका बाजूच्या चार बरगड्या (२), फुफ्फुसाच्या एका खंडाला (भागाला) मुका मार (१), एका बाजूला रक्त (२), गुणोत्तर १८० (३): एकूण ११. याच जखमा पंचविशीतल्या माणसाला झाल्या तर ८. वयाचेच तीन गुण!

हा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. 'हे गुण मोजणारं मोबाइलमधलं ॲप सांगेल रुग्ण वाचेल का' म्हणणाऱ्यांनी आणि पत्रिका बघणाऱ्यांनी एकाच बाकावर बसावं. आयसीयूत कोणाला ठेवायचं, कोणावर बारीक नजर हवी, एवढंच तो सुचवतो. आणि छाती पट्ट्यानं आवळून बांधू नका. त्यानं खोल श्वास घेता येत नाही, कफ साचतो, न्यूमोनियाला आमंत्रण मिळतं.

फुफ्फुसाचा मुका मार पहिल्या एक-दोन दिवसांत वाढतो, त्यामुळे पहिल्या तासातली बेरीज दुसऱ्या दिवशी शिळी झालेली असते. लहान मुलांत तर ती सुरुवातीलाच फसवते. त्यांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या वाकतात, मोडत नाहीत, आणि सगळा दणका आतल्या फुफ्फुसाला बसतो. बरगड्यांच्या रकान्यात मात्र शून्य.