अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे

अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे : हाताशी असलेली अक्षरे किंवा शब्दातील एखाद्या अक्षराची ठरलेली जागा, एवढ्याच माहितीवरून शब्द हुडकून काढण्याची रीत. स्क्रॅबल (गुण ठरलेल्या अक्षर-सोंगट्या पटावर मांडून शब्द रचण्याचा खेळ), शब्दकोडी, वर्डल (लपलेला शब्द ओळखण्याचा खेळ) अशा खेळांत तिच्यावाचून पान हलत नाही. नेहमीचा शब्दकोश इथे अर्धामुर्धाच कामाला येतो. तो उघडतो पहिल्या अक्षराने, आणि खेळणाऱ्याला बहुधा ठाऊक असते ते मधले किंवा शेवटचे अक्षर. अर्थाला तर जवळजवळ किंमतच नाही. अमरकोशात एका अर्थाचे शब्द एकत्र बांधलेले असतात. इथे अक्षरे जुळली की शब्द एका दावणीला, मग अर्थाने एकमेकांची तोंडओळखही नसली तरी चालते.

या शोधाला शिस्त आणली ती स्क्रॅबलने. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकी वास्तुविशारद महामंदीत बेकार झाला आणि खेळ रचू लागला. कोणते अक्षर किती वेळा लागते हे ठरवण्यासाठी त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजली. १९३८ च्या सुमारास तयार झालेल्या त्याच्या खेळाला १९४८ मध्ये जेम्स ब्रुनोने स्क्रॅबल हे नाव दिले. शंभर सोंगट्या, त्यांत १२ ‘ई’, ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी ९, तर ‘क्यू’, ‘झेड’, ‘जे’, ‘एक्स’, ‘के’ एकेकच. दोन सोंगट्या कोऱ्या. ‘एस’ इंग्रजीत जागोजागी लागतो, पण सोंगट्या मात्र चारच. नाहीतर जो तो शेवटी ‘एस’ चिकटवून अनेकवचन करत सुटला असता.

समजा, रॅकवर, म्हणजे खेळाडूपुढच्या सोंगट्यांच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात अक्षरे आली. सातही एका खेळीत लावली तर वर ५० गुण. या सात अक्षरांच्या मांडण्या होतात ५,०४०. त्या एकेक करून डोळ्यांपुढे आणणे कुणालाच शक्य नाही, आणि मुरलेला खेळाडू तसे करतही नाही. तो आधी शेपूट तोडतो. ‘ई-आर’ बाजूला सारले की उरलेल्या पाचांतून ‘स्टेन’ दिसतो, झाला ‘स्टेनर’. ‘आय-ई-आर’ काढून ठेवले की एन-ए-एस-टी उरतात, म्हणजे ‘नॅस्टिअर’. नुसता ‘एस’ उचलला तर ‘रिटेन’ आणि ‘रेटिना’ दोन्ही हाती लागतात आणि त्यांची अनेकवचनेही. ‘रेटसिना’, म्हणजे राळेचा वास असलेली ग्रीक वाइन, हा शब्द मात्र शेपूट तोडून सापडत नाही. तो पाठच असावा लागतो. पटावर आधीच पडलेल्या ‘जी’ला हीच सात अक्षरे जोडली की ‘ग्रॅनाइट्स’, ‘इनग्रेट्स’, ‘गँट्रीज’ हे आठ अक्षरी शब्द निघतात.

नवख्याला सर्वांत छळतो तो ‘क्यू’. दहा गुणांचा, पण ‘यू’शिवाय जागचा हलत नाही अशी शाळेतली समजूत. खरे तर ‘यू’ मागे न लागलेले ‘क्यू’चे बरेच शब्द खेळात चालतात आणि मराठी माणसाला त्यांतले निम्मे घरचे वाटावेत : फकीर, तलाक, नकाब, कव्वाली. ‘बुरखा’ही ‘क्यू’ने लिहिता येतो, त्यात ‘यू’ आहे, पण ‘क्यू’च्या आधी. अरबीतला घशातून येणारा ‘क’ रोमन लिपीत ‘क्यू’ने दाखवतात, त्याची ही कृपा. चिनी ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, ‘क्यू-आय’ अशी लिहितात; उत्तर अमेरिकेच्या यादीत हा दोन अक्षरी शब्द २००६ मध्ये आला आणि ‘क्यू’ची धास्ती बरीच ओसरली. स्वर संपले की वेल्श भाषा धावून येते : ‘सी-डब्ल्यू-एम’ म्हणजे डोंगरातली वाटीसारखी दरी, उच्चार ‘कूम’.

कोणता शब्द चालतो हे यादी ठरवते. ब्रिटनसह बहुतेक देशांत आणि भारतातही कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेची यादी मानतात. तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आणि आखूड. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७. खेळ शिकणाऱ्याने पहिल्यांदा घोकायचे ते हेच. ‘घेराव’, ‘धरणे’, ‘बंद’, ‘लाख’, ‘कोटी’ यांची इंग्रजी रूपेही कॉलिन्समध्ये सापडतात.

शब्द शोधणाऱ्या संगणकाची युक्ती साधी आणि देखणी आहे. शब्दातली अक्षरे वर्णक्रमाने लावायची. ‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द, जो मराठी ‘मुंगूस’वरूनच गेला, असा लावला की मिळते : ई जी एम एन ओ ओ ओ एस. स्क्रॅबलवाले याला ‘अल्फाग्रॅम’ म्हणतात. सगळ्या यादीचे अल्फाग्रॅम एकदा करून ठेवले की त्याच अक्षरांचे सगळे शब्द एकाच कप्प्यात येतात. ५,०४० मांडण्यांऐवजी एकच कप्पा उघडायचा. सातपेक्षा कमी अक्षरांचे शब्दही हवे असतील तर सात वेगवेगळ्या अक्षरांतून निवडीचे प्रकार होतात १२७, म्हणजे कप्पेही तेवढेच. हातात एक कोरी सोंगटी असेल तर तिच्या जागी २६ अक्षरे आलटून पालटून धरायची.

पटावरची खेळी शोधायला एवढ्याने भागत नाही, कारण शब्द आधीच्या शब्दांत गुंतवावा लागतो. १९८८ मध्ये अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी सगळी यादी एका जाळ्यात बसवली : शब्दांची सारखी सुरुवात एकदाच साठवायची, सारखा शेवटही एकदाच. १९९४ मध्ये स्टीव्हन गॉर्डनने हे जाळे असे फिरवले, की शब्दाच्या मधल्या अक्षरापासून आधी मागे व मग पुढे जाता येते. वेग वाढला, जागा मात्र बरीच जास्त लागली.

जागा ठरलेली असेल, तर माहीत नसलेल्या अक्षराच्या ठिकाणी टिंब देऊन यादी चाळतात. युनिक्स या संगणक-प्रणालीवरच्या ‘ग्रेप’ या शोध-आज्ञेने हे काम चुटकीसरशी होते. पण वर्डलमध्ये यादी हाती असूनही फसायला होते. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला हा खेळ : पाच अक्षरे, सहा प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर कोणते अक्षर शब्दात आहे आणि कोणते जागेवर आहे तेवढे कळते. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी अशी पक्की झाली, की लाइट, माइट, नाइट, फाइट, राइट, साइट, टाइट, एट असे निदान आठ उमेदवार रांगेत उभे. एकेक करून बघत बसलात तर प्रयत्न संपतील. इथे मुद्दाम चुकीचा शब्द टाकावा : ‘फिल्म्स’. एफ, एल, एम, एस या चौघांचा निकाल एका फटक्यात लागतो. खेळाच्या कठीण प्रकारात ही पळवाट बंद आहे, कारण तिथे जुळलेली अक्षरे पुढच्या प्रयत्नात ठेवावीच लागतात.

ब्रिटिश गणितज्ञ मंडळींत वावरणाऱ्या मॅट पार्करने याच खेळावरून वेगळाच प्रश्न काढला : एकही अक्षर पुन्हा न येता पाच अक्षरी पाच शब्द सापडतील का? फियॉर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स, वॉल्ट्झ. २५ अक्षरे, उरला पुन्हा ‘क्यू’च. त्याच्या संगणकाने उत्तराला सुमारे महिना घेतला. लोकांनी तोच शोध सेकंदाच्याही आत आणला.

माणसांत या विद्येचा कळस म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. त्याचे पहिले जागतिक विजेतेपद २००७ चे आणि ती स्पर्धा झाली होती मुंबईत. २०१५ मध्ये तो फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकला, फ्रेंच बोलता येत नसताना. यादी मात्र त्याने काही आठवड्यांत पाठ केली होती.

देवनागरीत ही रीत जशीच्या तशी उचलता येत नाही. मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात काना-मात्रा-अनुस्वारासकट अख्खे अक्षर बसते. इंग्रजीत आठ घरे अडवणारे मुंगूस इथे तीन घरांत मावते, आणि त्याचे ‘मुं’ फोडून ‘म’ दुसऱ्या शब्दाला देता येत नाही.