'काहीच करू नका' या सूचनेमागचा इतिहास

मेंदूच्या स्कॅनवरचं संशोधन वाचताना आधी एक गोष्ट पाहावी: स्कॅनरमधला माणूस काही काम करत होता की 'काहीच करू नका' अशी सूचना मिळून नुसता पडून होता? नुसतं पडून राहणंही मोजण्याजोगं आहे, हे पटायला बरीच वर्षं गेली.

खरं तर १९५५ मध्येच लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं की तोंडी हिशेब करताना मेंदूचा एकूण ऑक्सिजन-वापर वाढत नाही. म्हणजे मेंदू एरवीही राबतच असतो. तरीही १९९० नंतर एफएमआरआय (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारं स्कॅन) आलं तेव्हा रिवाज पडला तो वजाबाकीचा: कामाच्या वेळच्या चित्रातून विश्रांतीचं चित्र वजा करायचं आणि उरेल ते खरं धरायचं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेडिकल कॉलेजात भारतीय वंशाचे भरत बिस्वाल तेव्हा विद्यार्थी होते. स्कॅनच्या सिग्नलमधला गोंगाट कमी करण्याच्या खटाटोपात त्यांना वेगळंच सापडलं. बोटं हलवताना मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे जे भाग जागे होतात, त्यांचे सिग्नल माणूस निश्चल असतानाही एका लयीत वरखाली होत होते. लय अतिशय संथ, एका चढउताराला दहा सेकंदांहून जास्त, म्हणजे ०.१ हर्ट्‌झपेक्षा कमी. १९९५ मध्ये हे छापून आलं. हा श्वासाचा किंवा नाडीचा परिणाम असेल, अशी शंका अनेकांनी घेतली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती.

पुढे २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेशेल यांच्या गटाने, काम सुरू होताच ज्यांची सक्रियता मंदावते अशा भागांना 'डिफॉल्ट मोड', म्हणजे मेंदूची एरवीची अवस्था, म्हटलं. मग विश्रांतीच्या स्कॅनची लाटच आली. यात सोयीचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं. लहान मूल किंवा पक्षाघाताचा रुग्ण अवघड चाचणी देऊ शकत नाही, पडून मात्र राहू शकतो.

दोन भागांचे सिग्नल असे एका लयीत वरखाली होतात, त्याला त्यांची 'जोडणी' म्हणतात. कामाच्या वेळची जोडणी मोजणं जास्त किचकट. पडद्यावर चित्र झळकलं की दोन भागांचे आलेख एकदमच चढतात. गेलेली लाइट आली की दोन घरांतले दिवे एकदम लागतात, म्हणून त्या घरांत बोलणं झालं असं होत नाही. २०१९ मध्ये मेंदू-संशोधक मायकेल कोल यांच्या गटाने दाखवलं की हा सामायिक प्रतिसाद आधी काढून टाकला नाही तर जोडणी फुगलेली दिसते. याच गटाला २०१४ मध्ये काम आणि विश्रांती यांतली अशा जोडण्यांची जाळी बरीचशी सारखी आढळली होती. उरलेला फरक लहान, पण निरुपयोगी नाही: २०१८ च्या एका अभ्यासात बुद्धिचाचणीतल्या गुणांचा अंदाज विश्रांतीपेक्षा कामाच्या स्कॅनवरून अधिक चांगला बांधता आला.