कव्हर घातलं म्हणून मशीन गंजायचं थांबत नाही

मालवणपासून अलिबागपर्यंत एक समज पक्का आहे: वॉशिंग मशीनला प्लास्टिकचं कव्हर घातलं की खारा वारा लागत नाही, गंज चढत नाही. पावसाच्या झडीपासून कव्हर वाचवतं, हे खरं. पण धुणं झाल्या झाल्या घातलं तर ते ओल आत कोंडून ठेवतं, आणि नुकसान तिथेच होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेलं मीठ पाणी ओढून विरघळतं. आपल्या पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्याहून दमट. हे खारट पाणी रंग उडालेल्या जागी आणि तळाच्या कडांना लोखंड खातं. म्हणून आधी मीठ पुसा, गोड्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. झाकण उघडं ठेवा. मशीन पूर्ण सुकल्यावरच कव्हर.

गंज दिसलाच तर प्लग काढा, पॉलिश पेपरने चकाकता पत्रा लागेपर्यंत घासा, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइल पेंट. गंजावर नुसता रंग फासू नका, कृपा करून. तो खालून वाढतच राहतो. स्टीलच्या ड्रमवरच्या डागांना ब्लीच तर नकोच, त्याने स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. तिथे लिंबाचा रस चोळा आणि लगेच धुऊन टाका.